जात नंतर, आधी वय: सशाच्या दोन पिलांची ओळख

सशाची दोन पिले घरी आली, तेव्हा त्यांच्याबरोबर तीन विधानेही आली: दोन्ही ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीची आहेत, दोन्ही दोन महिन्यांची आहेत, आणि दोन्ही माद्या आहेत. पुढच्या सहा महिन्यांत यांपैकी एकही विधान पुरतेपणी टिकले नाही. विक्रेता मुद्दाम खोटे बोलला असे मला वाटत नाही. सशांची पिले ओळखणे किती फसवे असते हे नंतर माझ्या लक्षात आले, आणि त्यालाही बहुधा कोणीतरी तसेच सांगितलेले असावे.

पहिल्याच रात्री मी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले. पांढरे पिलू ५४० ग्रॅम भरले आणि काळे-पांढरे ४१० ग्रॅम. हे आकडे वहीत लिहिल्यावर मला वाटले की आता वय आणि जात दोन्ही कळेल. प्रत्यक्षात काहीच कळले नाही. नेदरलँड ड्वार्फ जातीचा ससा पूर्ण वाढल्यावरही साधारण एक किलोच्या आसपास राहतो, त्यामुळे त्याचे दोन महिन्यांचे पिलू अर्ध्या किलोचे असू शकते. न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा मात्र चार-पाच किलोपर्यंत जातो, आणि त्याचे पिलू हेच वजन महिनाभरातच गाठते. म्हणजे जात माहीत असेल तर वजनावरून वय काढता येते आणि वय माहीत असेल तर वजनावरून जातीचा अंदाज बांधता येतो; दोन्ही माहीत नसतील तर काटा मुकाच. चेहराही मदत करत नाही, कारण गोल डोके, आखूड कान आणि बसके नाक ही ड्वार्फची लक्षणे म्हणून सांगितली जातात, आणि लहानपणी ती जवळजवळ प्रत्येक सशात दिसतात.

या चक्रातून बाहेर पडायचे तर आकारावर अवलंबून नसलेल्या खुणा शोधाव्या लागतात, आणि त्या वयाच्याच असतात. सशाचे पिलू जन्मते तेव्हा ते उघडे असते, डोळे आणि कान मिटलेले असतात. आठवड्याभरात अंगावर बारीक लव येते, दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिले घरट्याबाहेर डोकावू लागतात आणि गवताची काडी कुरतडून पाहतात, तरी दूध सहा ते आठ आठवड्यांपर्यंत चालू असते. (रानातल्या सशाचे पिलू मात्र केसाळ आणि डोळे उघडे घेऊनच जन्मते. तो प्राणी वेगळा, पण मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो आणि त्यामुळे ऐकीव सल्ल्यांत बराच घोळ होतो.) आमच्या पिलांची चाल अजून डगमगती होती, धडाच्या मानाने डोके मोठे होते, आणि पांढरे पिलू अधूनमधून दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड खुपसून दूध शोधत होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वय फार तर पाच आठवडे असावे.

दात पाहून वय सांगता येईल का, असे मी त्यांना विचारले, कारण गुराढोरांच्या बाबतीत तसे करतात हे माहीत होते. सशाच्या बाबतीत ते जमत नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर, आणि चघळण्याने तितकेच झिजतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या आणि सहा वर्षांच्या सशाचे दात सारखेच दिसू शकतात. एक्स-रेमध्ये हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू आहे की थांबली, एवढे पाहता येते. रानटी सशांचे वय काढण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांच्या डोळ्यांतील भिंग वाळवून त्याचे वजन करतात. पद्धत भरवशाची आहे, पण तिच्यासाठी ससा मेलेला असावा लागतो.

वय पाच आठवडे की आठ, हा फरक तीन आठवड्यांचा दिसतो, पण सारी काळजी त्यावरच ठरते. आईपासून लवकर तोडलेल्या पिलांची आतडी फार नाजूक असतात, आणि याच काळात जुलाब होऊन पिले दगावतात. म्हणून आम्ही भाज्या आणि फळे बाजूला ठेवली, गाईचे दूध पाजण्याचा मोह टाळला, वाळलेले गवत आणि पाणी सतत समोर ठेवले, आणि ती पूर्वी जो खुराक खात होती तोच आधी देऊन मग हळूहळू बदलला. वाढीच्या वयात प्रथिने आणि कॅल्शियम अधिक लागते, म्हणून वाळलेला लसूणघासही दिला. मोठ्या सशाला तो नको, त्याला साधे गवत बरे. शिवाय पिलाने काही तास खाणे सोडले किंवा विष्ठा पातळ झाली, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, हे ठरवूनच टाकले होते.

आता जातीचे. पांढऱ्या पिलाचे डोळे लाल होते, आणि पाहणारे सगळे त्याला न्यूझीलंड व्हाइट म्हणत. पण लाल डोळे आणि पांढरे केस अनेक जातींत आढळतात, आणि तो पांढरेपणा खालचे बाकी सगळे रंग झाकून टाकतो, त्यामुळे त्यावरून जात ठरत नाही. त्याच्या नाकावर काजळी लागल्यासारखा डाग होता. मी दोन वेळा ओल्या फडक्याने तो पुसलाही. आठवड्याभरात तो गडद झाला आणि कानांच्या कडांवरही छटा उतरली, तेव्हा उलगडा झाला. हिमालयन आणि कॅलिफोर्नियन सशांत केसांचा रंग तयार करणारे विकर (एन्झाइम) शरीराच्या उबदार भागांत निकामी होते आणि नाक, कान, पंजे, शेपूट अशा थंड भागांतच काम करते. या दोन जातींचे रंग सारखे, फरक मुख्यतः अंगाचा: हिमालयन दोन किलोच्या आत राहतो आणि त्याचे शरीर लांबट, निमुळते असते, कॅलिफोर्नियन भरदार आणि साडेतीन किलोच्या वर जातो. इथे अखेर वही उपयोगी पडली. वय ठरलेले होते, दर रविवारी वजन लिहिले जात होते, आणि आठवड्याला जवळजवळ दोनशे ग्रॅमची भर पडत होती. ड्वार्फ या शब्दाचा विषय तिथेच संपला.

काळ्या-पांढऱ्याच्या कपाळावर पांढरा पट्टा, खांद्याभोवती पांढरा घेर आणि मागच्या पायांत पांढरे मोजे होते, म्हणजे चित्रातल्या डच सशासारखेच. मला खात्री वाटू लागली होती, तेवढ्यात नवव्या आठवड्यात त्याचा डावा कान आडवा झाला. सरळ कानाच्या सशाचा एक कान अचानक पडला तर आधी कानातला संसर्ग तपासायला हवा, म्हणून डॉक्टरांकडे नेले. कान स्वच्छ निघाला. लॉप, म्हणजे लोंबत्या कानांच्या जातींची पिलेही आधी उभ्याच कानांची दिसतात आणि त्यांचे कान पुढच्या काही आठवड्यांत, कधी एकेक करून, खाली येतात. शुद्ध डचचे कान असे पडत नाहीत. थोडक्यात, अंगावर डचचा नमुना होता आणि पूर्वजांत कोणीतरी लॉप होते. पिलाची कातडी पाहून लगेच पैज लावता येईल असा माझ्या मते रेक्स एकच, कारण त्याची मखमली लव आणि वळलेल्या मिशा घरट्यातच दिसतात. सिल्व्हरची पिले जन्मतः एकरंगी असतात आणि चंदेरी छटा नंतर येते. लायनहेडच्या काही पिलांची आयाळ तर मोठेपणी जवळजवळ नाहीशी होते.

उरले तिसरे विधान. लहान पिलांत नर-मादी ओळखणे इतके अवघड असते की सराव असलेली माणसेही चुकतात. नराच्या जननेंद्रियाचे तोंड गोल आणि मादीचे उभ्या फटीसारखे दिसते, पण पाचव्या आठवड्यात तो फरक अगदी सूक्ष्म असतो. नराची वृषणे साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात खाली उतरतात. पांढऱ्याची अकराव्या आठवड्यात उतरली, आणि त्याच संध्याकाळी दोघांचे पिंजरे वेगळे केले, कारण लहान चणीची मादी साडेतीन-चार महिन्यांत गाभण राहू शकते आणि गर्भकाळ जेमतेम एक महिन्याचा असतो.

सहाव्या महिन्यात पांढरा ३ किलो ६०० ग्रॅम भरला आणि काळी-पांढरी १ किलो ९०० ग्रॅम. नसबंदीच्या आधी डॉक्टरांनी कागद भरला. वयाच्या रकान्यात त्यांनी माझ्या वहीवरून मागे मोजत आठवड्यापर्यंतचा आकडा लिहिला, आणि जातीच्या रकान्यात दोघांपुढेही, क्षणभरही न थांबता, ‘संकरित’ असे लिहिले.