तुम्ही विचारलंत म्हणून: त्या उंदराच्या सापळ्याचं काय?

‘चित्रकाराने खरंच एवढा विचार केला असेल का हो, की तुम्हीच ओढूनताणून अर्थ काढता?’ जुन्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रांबद्दल बोलायला लागलं की हे कोणीतरी विचारतंच. मग मी मेरोड ऑल्टरपीसचा, म्हणजे वेदीवर ठेवायच्या एका धार्मिक चित्राचा, फोटो उघडतो. रॉबर्ट काम्पँच्या वर्कशॉपमधलं, साधारण 1427 ते 1432 मधलं काम, आता न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये आहे. तीन फळ्या, मधली जेमतेम 64 सेंटीमीटर उंच, म्हणजे चर्चसाठी नाही, घरात ठेवून प्रार्थना करायला केलेलं.

मध्ये मेरी वाचत बसलीये, येशू जन्माला येणार ही बातमी घेऊन देवदूत आलाय, आणि उजव्या फळीत तिचा नवरा जोसेफ गिरमिटाने एका फळीला भोकं पाडतोय. आता झूम करा. त्याच्या बाकावर एक उंदराचा सापळा आहे आणि दुसरा बाहेर खिडकीच्या फळीवर, विकायला मांडल्यासारखा. सुतार आहे, करेल सापळे, असं म्हणून पुढे जाता येतं, पण जोसेफ उंदराचे सापळे करायचा असं बायबलमध्ये तर कुठेच नाही, मग हे आलं कुठून? 1945 साली कलेतिहासकार मायर शापिरोने संत ऑगस्टीनचं वचन पुढे ठेवलं: क्रूस म्हणजे सैतानासाठी लावलेला सापळा आणि प्रभूचा मृत्यू हे त्यातलं आमिष. हे मला पटतं, कारण वचन चित्राच्या हजारेक वर्षं आधीचं आणि चर्चमधल्या लोकांच्या ओळखीचं, आपण आज मनाने रचलेलं नाही. शिवाय मधल्या फळीत खिडकीतून किरणांवरून एक इवलासा बाळ येशू खांद्यावर क्रूस घेऊनच उतरतोय, म्हणजे जन्माची बातमी देतानाच मरणाचा विषय चित्रात आहेच.

टेबलावरच्या मेणबत्तीचं मात्र तसं नाही. ती नुकतीच विझलीये, धूर अजून वर जातोय, आणि हे मुद्दाम केलंय यात शंकाच नको. पण का? दैवी प्रकाशापुढे ती फिकी पडली म्हणतात, आणि त्यासाठी चौदाव्या शतकातल्या संत ब्रिजिटला झालेल्या दृष्टान्ताचा दाखला देतात, पण तो येशूच्या जन्माच्या रात्रीचा, या प्रसंगाचा नाही. माझ्या मते तिथे दोन-तीन अर्थ उघडे ठेवावेत.

आणि ती भोकांची फळी? कोणी म्हणतं शेकोटीपुढचा पडदा, कोणी म्हणतं आमिषाच्या डबीचं झाकण, कोणी म्हणतं पाय शेकायच्या पेटीचं. इथे मात्र तुमचा ओढूनताणूनचा आरोप मला मान्य.