इराची उमराव

इराने 'सलाम' निवडलं. बस्स, एवढंच झालंय. ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी हॉलमध्ये कथकच्या क्लासचा कार्यक्रम आहे, प्रत्येकीने एक गाणं स्वतः निवडून स्वतः बसवायचं आहे, आणि हिने 'उमराव जान' घेतलं म्हणून मी केवढी हरखले होते. काल फोनवर कळलं की 'उमराव जान' म्हणजे २००६चा. ऐश्वर्याचा. अनु मलिकचा.

"अगं, मग 'दिल चीज़ क्या है' का नाही?"

"मावशी, त्यात पायांना कामच नाही."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून टोचतंय. पोळ्या लाटताना टोचलं, आज राम मारुती रोडवर अस्तराचं कापड घेत होते तिथेही टोचलं. दुकानदार रंग दाखवतोय आणि माझ्या डोक्यात पायांना काम नाही, पायांना काम नाही.

नाहीच आहे काम, मान्य. पण 'दिल चीज़' ज्यात आहे त्या मुझफ्फर अली यांच्या १९८१च्या 'उमराव जान'मध्ये नृत्याला गोपीकृष्ण होते, कुमुदिनी लाखिया होत्या. त्यांना काय चक्कर आणि तत्कार, म्हणजे पायांचं काम, बसवता आलं नसतं? ते हात राखून केलंय. रेखा बसल्या बसल्या मनगट वळवते, मान किंचित कलते, नजर एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि मध्येच कुठेतरी थांबते. लखनौच्या कोठ्यावरची उमराव आधी शायरा आहे, मग नाचणारी. संगीतकार खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं ते उगाच नाही. आवाज असा खाली आला की ऐकणाऱ्याला पुढे सरकून बसावं लागतं. गीतकार शहरयार यांचे शब्द आपल्यापर्यंत येत नाहीत, आपण त्यांच्यापर्यंत जातो. रेखा, आशाबाई, खय्याम, तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही मी इराला मेसेज करून कळवलं. तिने अंगठा पाठवला.

आज दुपारी मी २००६चा पुन्हा लावला. तीन तास आहे. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांनी खर्चात कसर ठेवलेली नाही, झुंबरं काय, कपडे काय. जावेद अख्तर यांनी गाणीही मनापासून लिहिली आहेत, अल्का याज्ञिक सुरात पक्की, त्याबद्दल बोलायची सोय नाही. 'अगले जनम मोहे बिटिया न कीजो' ऐकताना तर आत काहीतरी हललंसुद्धा. पण ही उमराव सारखी भरल्या डोळ्यांनी असते. दुःख झालं की लगेच डोळ्यांत, लगेच ओठांवर. रेखाची उमराव दुःख झालं की एक शेर म्हणते आणि समोरचे 'वाह वाह' करतात. कोणालाच कळत नाही तिला काय झालंय ते, आणि ते आपल्याला एकट्याला कळतं. शेवटी त्या रिकाम्या कोठ्यावर ती आरशावरची धूळ पुसते आणि स्वतःकडे बघते. एक शब्द नाही. २०२५च्या जूनमध्ये तो नव्याने थिएटरला लागला तेव्हा मी आणि मंदा मुद्दाम घोडबंदर रोडला जाऊन बघून आलो. त्या आरशापाशी शेजारच्या रांगेतल्या पोरांचे पॉपकॉर्नसुद्धा थांबले होते. इराला चल म्हटलं होतं. तिचं ऑफिस होतं.

तर हे असं आहे. आपण ज्याच्यावर जीव टाकला ते पुढच्यांना नकोच असतं. साड्या नकोत, डबे नकोत, कॅसेटी तर भंगारात गेल्याच. ताईने 'जुस्तजू जिसकी थी' म्हटलं की आख्खा जिना ऐकायचा, हे आता आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला आठवत असेल? वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कदाचित. त्या मुलुंडला गेल्या. जाऊ दे.

संध्याकाळी इराचा व्हॉइस मेसेज आला. मी बहुतेक जरा जास्तच लांब मेसेज केले होते, कारण ती समजुतीच्या सुरात बोलत होती. म्हणाली, "मावशी, ती नजर कॅमेऱ्यासाठी आहे गं. कॅमेरा तिच्या तोंडाशी आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला माझी भुवई दिसणार आहे का? त्याला माझे पाय ऐकू येणार."

मी तो मेसेज पुन्हा ऐकला. ऐकू येणार म्हणाली, दिसणार नाही म्हणाली. पोरीने विचार केलाय. मला वाटलं होतं तिला जुनं कंटाळवाणं वाटतं. तसं नाहीये, तिने रेखाकडे माझ्याइतकंच नीट बघितलंय आणि मग ठरवलंय की हे आपल्या रंगमंचावर पोचणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'दिल चीज़'ची बैठक वीस माणसांच्या महफिलीची आहे, हॉलची नाही.

आणि मी 'मूळ, मूळ' म्हणून कोणासाठी भांडतेय? मिर्झा हादी रुसवा यांची कादंबरी १८९९ची. त्यात उमराव स्वतःची कहाणी सांगते, चांगली पिकल्या वयाची झाल्यावर. मुझफ्फर अली यांच्याही आधी, १९५८मध्ये, त्याच गोष्टीवर 'मेहंदी' आला होता. तेव्हाच्या कोणीतरी १९८१मध्ये थिएटरातून बाहेर पडताना नाक मुरडलं असणारच. मला मात्र मुझफ्फर अलींचीच पहिली वाटते, आणि ती वाटणारच. मी बाविशीत होते. शेजारच्या खुर्चीत ताई होती.

दुपारपासून मनात एकच घोळतंय, ते खानमचं, कोठ्याच्या मालकिणीचं. २००६मध्ये खानम केली शबाना आझमीने. १९८१मध्ये खानम होत्या शौकत कैफी, तिच्या आई. पंचवीस वर्षांनी लेक त्याच तक्क्याला टेकून बसली. मी आधी हा सिनेमा बघितला होता तेव्हा ही गोष्ट नुसती गंमत म्हणून कोणाकोणाला सांगितली होती. आज तिच्याचकडे बघत बसले, ऐश्वर्याकडे लक्षच नव्हतं. शौकत यांची खानम आवाज न चढवता सगळं घर मुठीत ठेवते, मायेनं बोलते आणि त्या मायेचाही हिशेब ठेवते. शबानाची वेगळी आहे. जास्त धारदार, जास्त उघड, समोरच्याला बोलता बोलता जोखणारी. तिने आईची नक्कल एका वाक्यातही केलेली नाही. आईचा सिनेमा तिने कितीदा बघितला असेल, ती चाल, तो सूर तिच्या हाडात असणार. तरी नाही केली. आणि कोणी तिला म्हटलंही नसेल की बाई गं, तुझी आई करायची तसं कर.

मी तेच म्हणत होते ना इराला.

'दिल चीज़' घे म्हणजे काय घे, हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असणार. ती काही बोलली नाही, मीही नाही.

रात्री डबा उघडून ताईचे घुंगरू काढले. इरा तेच बांधणार आहे, हे तिने आधीच सांगून ठेवलंय, माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. दोर कुजलाय. सगळे सुटे करून पितांबरीने घासले, टॉवेलवर पसरले. एकेक ओवायचा आणि प्रत्येकानंतर गाठ मारायची, नाहीतर नाचताना सरकून सगळे घोट्याशी गोळा होतात. एका पायाचे शंभर. बोटं काळी झाली आहेत, लिहिताना वहीला लागतंय. काही घुंगरांची तोंडं दबून बंद झालीत, ते पक्कडीने उघडायला हवेत, त्याशिवाय नाद नीट येणार नाही. आणि 'सलाम'ला नाद हवाच, पायांना काम आहे.

शनिवारी तालमीला बोलावलंय. जाणार. अट मात्र घालणार आहे, अगदी मावशीपणाच्या हक्काने. 'ये क्या जगह है दोस्तो' एकदा पूर्ण ऐकायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. हात हलवायचे नाहीत, मात्रा मोजायच्या नाहीत, नुसतं ऐकायचं. खालच्या पट्टीतला तो आवाज एकदा तिच्या कानात जाऊ दे, मग 'सलाम' कसं करायचं ते तिचं ती बघेल. ऐश्वर्यासारखंही केलं नाही तर उत्तम.

आणि दुपट्टा हिरवा म्हणत होती. हिरवा नको, मिनी हॉलच्या दिव्यांत काळा दिसतो. उद्या सांगायचं.