"ती दूधवाले नेतात"

"कॅरिअर? याला नाही बसत साहेब. स्पोर्ट्स मॉडेल आहे," सायकलचा दुकानदार म्हणाला.

समोर २१ गिअरची, पुढे शॉकअप, जाड खाचांच्या टायरची सायकल. मला जायचंय कोथरूडहून शिवाजीनगरला, कर्वे रोडने, डबा आणि लॅपटॉप घेऊन. वाटेत डोंगर एकही नाही.

"बरं, मडगार्ड तरी?"

"पावसात रेनकोट घालायचा ना!"

मागचं चाक पाठीवर चिखलाची जी सरळ रेघ ओढतं, तिचं काय, हे विचारायचं राहून गेलं.

कोपऱ्यात एक काळी, दांडीवाली सायकल धूळ खात उभी होती. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, घंटी, दोन पायांचं स्टँड, सगळं अंगचंच. हात लावला तर म्हणाला, "ती दूधवाले नेतात."

दिवसभर तेच डोक्यात. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा बाबा अशाच सायकलवरून पिंपरीला कंपनीत जायचे, पँटला क्लिप लावून. कामाला जायची सायकल आता फक्त दूधवाल्याची? (वजनाला भारी आहे, हे मान्य. नळ स्टॉपपर्यंतच दम लागेल.)

हलकी, पण कॅरिअर-मडगार्डवाली सायकल कुणी घेतली आहे का? बाबांची क्लिप माळ्यावर सापडली आहे.