सव्वीस अँटीबॉडी आणि एकावर सत्तर शून्यं

पेटंट हातात आलं की मी गोषवारा वाचत नाही. थेट 'उदाहरण १' गाठते आणि क्रियापदं बघते. 'द्रावण ढवळलं, गाळ धुतला, सक्रियता मोजली' असा भूतकाळ असेल तर कुणीतरी हात ओले केलेत. 'द्रावण ढवळलं जातं, गाळ धुतला जातो' असं दिसलं की समजायचं, हा प्रयोग खुर्चीत बसून झालाय. अमेरिकेत अशी कागदी उदाहरणं द्यायला बंदी नाही. न केलेलं काम केल्यासारखं भूतकाळात लिहायचं नाही, एवढाच दंडक.

माझं काम पेटंट शोधाचं. प्रथिनं आणि थिन फिल्म (पातळ थराचे) सौरघट ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत, कारण कामाच्या वाटणीत ती एकाच टेबलावर येऊन पडली. दोन्हीकडची माणसं एकमेकांचे पेपर वाचत नाहीत. पण क्लेम, म्हणजे पेटंटमधला हक्काचा दावा, लिहायला बसली की दोघांची खोड एकच: केलेलं असतं हातभर आणि कुंपण घालायचं असतं गावभर.

प्रथिनांच्या बाजूचं माझं आवडतं काम म्हणजे सबटिलिसिन. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग खायला घालतात ते एन्झाइम. त्याची अडचण अशी की ब्लीच लागलं की ते लंगडं पडतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि कारण सापडलं तिच्यातल्या २२२व्या जागेवर. तिथे मेथिओनिन बसलेलं असतं, आणि त्याच्या शेजारी, २२१व्या जागेवर, एन्झाइमचं मुख्य काम करणारं सेरीन. मेथिओनिनमधल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटला की शेजाऱ्याचंही काम थंडावतं. १९८५ साली एस्टेल, ग्रेकार आणि वेल्स यांनी या एका जागेवर उरलेली १९च्या १९ अमिनो आम्लं बसवून पाहिली. सिस्टीनवालं रूप मूळ एन्झाइमपेक्षाही जोरात चाललं, पण पेरॉक्साइडपुढे तेही लवकर गारद झालं. अ‍ॅलानिन, सेरीन आणि ल्युसिन मात्र टिकले. वेग गेला, टिकाऊपणा आला. सगळी १९ रूपं हाताने केलेली असल्यामुळे कुठलं का चाललं आणि कुठलं का नाही, हे वाचणाऱ्याला समोर दिसतं. असं काम असेल तर क्लेमही निर्धास्तपणे मागता येतो.

आता त्याच प्रथिनावर आजच्या पद्धतीचा क्लेम लिहून बघा: 'दिलेल्या क्रमाशी किमान ९० टक्के साम्य असलेलं कोणतंही प्रथिन.' वाचायला किती सोज्वळ वाटतं! सबटिलिसिनच्या ज्या रूपावर हे काम झालं त्यात २७५ अमिनो आम्लं आहेत. ९० टक्के म्हणजे २७ जागा बदलायची मुभा. कुठल्या २७, आणि प्रत्येक जागी १९ पर्यायांपैकी कुठला, हे मांडून गुणाकार केला की उत्तर येतं एकावर सत्तरहून जास्त शून्यं. यातली बहुतेक रूपं नीट घडीसुद्धा घालणार नाहीत, डाग काढणं दूरच. म्हणून चांगला वकील पुढे जोडतो, 'आणि ज्याची सक्रियता अमुक इतकी आहे'. पण कुठली रूपं तशी निघतील हे सांगायचं कुणी? ते वाचणाऱ्याने शोधून काढायचं.

हाच प्रश्न २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. ॲमजेन विरुद्ध सॅनोफी. दोन्ही औषध कंपन्या, दोघांचीही कोलेस्टेरॉल उतरवणारी अँटीबॉडी औषधं, दोन्हींचं लक्ष्य पीसीएसके९ हे प्रथिन. ॲमजेनने २६ अँटीबॉडींचे क्रम लिहून दिले होते आणि क्लेम मागितला होता या प्रथिनाच्या ठरावीक जागी बसून त्याला अडवणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या अँटीबॉडींवर. बाकीच्या कशा मिळवायच्या? तर उंदरात तयार करा, तपासा, पुन्हा करा. किंवा माहीत असलेल्यांत एखादं अमिनो आम्ल त्याच्यासारख्या दुसऱ्याने बदला आणि तपासा. न्यायालयाने एकमताने सांगितलं की हे 'करत राहा आणि बघा' झालं. जितकं मागाल तितकं दुसऱ्याला करता येईल असं सांगावं लागेल. त्यानंतर ज्युनियर मंडळी मला विचारतात, 'मॅडम, मग किती उदाहरणं पुरतात?' आकडा कुणीच देत नाही. माझं मत विचाराल तर अरुंद क्लेमला लोक उगीच घाबरतात. इन्सुलिन लिस्प्रो या मधुमेहाच्या औषधात काय केलंय? इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीतलं २८वं प्रोलीन आणि २९वं लायसिन यांची अदलाबदल. बस. त्यामुळे रेणू एकमेकांना कमी चिकटतात आणि इन्सुलिन लवकर लागू पडतं. एवढ्याशा बदलावर केवढं औषध उभं राहिलं!

सौरघटांकडे दुखणं उलट्या बाजूने येतं. तिथे वस्तू सगळ्यांना माहीत असते, पाककृती दडलेली असते. सीआयजीएस, म्हणजे तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा थर, जेमतेम दोन मायक्रॉन जाडीचा. सिलिकॉनची चकती दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनची असते. हा थर तीन टप्प्यांत चढवायची रीत अमेरिकेतल्या एनआरईएल या प्रयोगशाळेची, पेटंट १९९५चं. आधी इंडियम-गॅलियम, मग तांबं जरा जास्तच होईपर्यंत, मग पुन्हा इंडियम-गॅलियम घालून तांबं किंचित कमी पडेल असं आणायचं. सेलेनियमची वाफ सगळा वेळ चालू. मधल्या तांबंजास्त अवस्थेत कण मोठे वाढतात, सगळी करामत तिथे. आता स्पर्धकाने ही रीत वापरली का हे तयार पॅनेलवरून कसं ओळखायचं? एक खूण राहते. गॅलियम वर आणि खाली जास्त, मध्ये कमी, असा खळगा. थराचं खोलीनुसार पृथक्करण केलं की आलेखात तो दिसतो. पुरावा म्हणून मात्र अर्धवट, कारण तसा खळगा दुसऱ्या वाटेनेही आणता येतो.

सोडियमची गोष्ट मला याहून जास्त आवडते. काच स्वस्त म्हणून, आणि तापल्यावर थराबरोबर बरीचशी सारखी प्रसरण पावते म्हणून, लोक या थराखाली पाया म्हणून साधी सोडा-लाइम काच वापरत होते. नव्वदच्या दशकात लक्षात आलं की त्याच काचेवरचे घट जास्त चांगले चालतात, कारण तापमान पाचशे अंशांच्या वर गेलं की काचेतलं सोडियम, काच आणि सीआयजीएस यांच्या मधल्या मोलिब्डेनम या धातूच्या थरातून वर झिरपतं. झालं काय, की जुन्या सगळ्या घटांत सोडियम आधीच होतं, करणाऱ्यांना पत्ता नव्हता इतकंच. मग 'सोडियम असलेला घट' यावर पेटंट मिळणार कसं? वाट निघाली ती छान: काच आणि मोलिब्डेनम यांच्या मध्ये अडथळ्याचा थर घाला, झिरपणं थांबवा, आणि सोडियम मोजून वरून द्या. सीमेन्सने त्यावर क्लेम घेतला. मी पाहिलेल्या क्लेमांपैकी सगळ्यांत प्रामाणिक क्लेमांत मी तो धरते.

पेरोव्स्काइट, म्हणजे एका ठरावीक स्फटिकरचनेचे पदार्थ, आल्यापासून सौरघटांनाही प्रथिनांची बाधा झालीय. २००९ला जपानच्या मियासाकांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली आणि आता एकेरी घट पंचवीसच्या पुढे आहेत. मध्ये क्लेमांचा पूर आला. सूत्र एबीएक्स-तीन: ए म्हणजे मिथिलअमोनियम, फॉर्मामिडिनियम, सीझियम यांपैकी काहीही किंवा मिश्रण, बी म्हणजे शिसं किंवा कथील, एक्स म्हणजे आयोडीन, ब्रोमीन, क्लोरीन. प्रत्येक 'किंवा'बरोबर कुंपण आणखी एक शेत पुढे सरकतं. कथिलाचा थर मात्र हवेत पटकन ऑक्सिडाइज होतो, द्विसंयुजी कथील चतुःसंयुजी होऊन बसतं. ज्यांनी तो केलाय त्यांना त्यासाठी किती उठाबशा काढाव्या लागतात ते माहीत आहे. उदाहरणं बघायला जावं तर सगळी शिशाची. अशा फायलीत मी 'किंवा कथील' या शब्दांखाली लाल रेघ मारते, समासात उदाहरणांचे क्रमांक लिहिते आणि फाइल वकिलांकडे पाठवते.