मिडटाऊन मॅडनेस नव्या कॉम्प्युटरवर: चार दिवस काळी स्क्रीन

मिडटाऊन मॅडनेस या जुन्या कार रेसिंग गेमची सीडी माळ्यावरच्या पेटीत सापडली. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मित्राकडून आणला, इन्स्टॉल झालं. इथवर अर्धा तास. पुढचे चार दिवस मी काळी स्क्रीन बघत होतो. दुसऱ्या कुणाचे असे दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

गेम १९९९ चा, एंजल स्टुडिओजने बनवलेला, मायक्रोसॉफ्टने काढलेला. शिकागो शहर मोकळं मिळायचं, हवी ती गल्ली घ्या. लहानपणी आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर बसायचो. दादा बाण सांभाळायचा, हँडब्रेक माझ्याकडे. आता दादा खऱ्या शिकागोत राहतो. गणपतीला येणार होता, त्याआधी मला गेम चालवून दाखवायचाच होता.

आवाज येत होता. इंजिन गुरगुरायचं, हॉर्न वाजायचा, चित्र नाही. कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायची सोय) बदलून पाहिले, ग्राफिक्सचे ड्रायव्हर पुन्हा टाकले. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाले, “एवढा जुना गेम कशाला? नवीन घ्या ना.” त्याचे तीनशे रुपये घेतले. राग अजून गेलेला नाही. पेशंट बघायचाच नव्हता तर ॲडमिट कशाला केला?

अडचण अशी होती. हा गेम चित्र काढायला विंडोजमधलं जुनं डायरेक्टएक्स वापरतो आणि आजच्या विंडोजशी त्याचं नीट जमत नाही. मध्ये दुभाषा लागतो. डीजीवूडू नावाचा फुकट प्रोग्राम ते काम करतो. त्यातल्या दोन डीएलएल फाइल, डीड्रॉ आणि डी३डी-आयएमएम, गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. मी टाकल्या. फरक शून्य. पुसून पुन्हा टाकल्या, तरी शून्य.

रात्री दीड वाजता लक्षात आलं. डीजीवूडूमध्ये त्याच नावाच्या फाइल दोन फोल्डरमध्ये असतात, एक्स८६ (३२ बिटच्या प्रोग्रामसाठी) आणि एक्स६४ (६४ बिटच्या). माझं विंडोज ६४ बिटचं म्हणून मी एक्स६४ मधल्या घेतल्या होत्या. पण बघायचं असतं गेमकडे, आणि गेम ३२ बिटचा. एक्स८६ मधल्या टाकल्या, आणि समोर शिकागो! स्क्रीनच्या कोपऱ्यात डीजीवूडूची छोटी खूण दिसली, की समजा फाइल लागू झाली. ती दिसत नसेल तर बाकी काही बदलत बसू नका, आधी फोल्डर तपासा.

हो, आणि सुरुवातीलाच विंडोज डायरेक्टप्ले (जुन्या गेमना लागणारा विंडोजचा एक भाग) मागेल, त्याला हो म्हणा. चुकून नाही म्हटलंत तर विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली ते सापडतं. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे फाइल बदलताना दर वेळी परवानगी विचारणार नाही.

गणपतीपर्यंत थांबवलं नाही. त्याच रात्री व्हिडिओ कॉल लावला, तिकडे दुपार होती. क्रूझमध्ये, म्हणजे शर्यतीशिवाय नुसतं फिरायच्या मोडमध्ये, बीटल गाडी घेतली, फोन स्क्रीनसमोर धरला. सीअर्स टॉवर दिसला तसा दादा म्हणाला, “२००९ पासून विलिस टॉवर म्हणतात, पण इकडे अजून सगळे सीअर्सच म्हणतात.” मग नदीवरचा पूल वर उचलायला लागला आणि तो ओरडला, “थांबू नकोस, दाब!”