अदखलपात्र

पहाटे पावणेसहाला वायरलेसच्या आधी माझा स्वतःचा मोबाइल वाजला, तेव्हाच ओळखलं की आज काही खरं नाही. मोठे साहेब घरून बोलत होते. "गावठाणातला क्रूस तोडलाय म्हणतात. व्हॉट्सॲपवर फिरतंय. तू पोच, मी निघालोच. आणि कुणाला काही बोलू नकोस. आधी माणसं सांभाळ."

नाइट संपायला दोन तास होते. पश्चिम उपनगरातलं पोलीस ठाणं, मे महिना, हवेत नुसती घामट. हवालदार मामांना उठवलं आणि निघालो.

पोचलो तेव्हा दीड-दोनशे माणसं जमली होती. गाऊनवर ओढणी घेतलेल्या बायका, हाफपँटीतले अंकल, दोन-चार पोरं मोबाइल वर धरून. मधे चौथरा. त्यावर कमरेएवढा उंच दगडी क्रूस असायचा, तो तीन तुकडे होऊन रस्त्यावर पडला होता. मेणबत्तीचे काचेचे ग्लास फुटले होते. झेंडूचा हार मात्र चौथऱ्यावर नीट ठेवलेला होता. हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

इथले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती लोक, क्रूसाला खुरीस म्हणतात. मुंबईच्या गावठाणांमधून असे क्रूस जागोजाग दिसतात, त्यातले बरेचसे प्लेगच्या वेळचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा आळीआळीनं वर्गणी काढून ते उभारले. साथ आळीत शिरू नये म्हणून. म्हणजे आपल्याकडे वेशीवर मरीआईला नारळ ठेवायचे, त्यातलंच. या चौथऱ्यावरही १८९७ कोरलेलं होतं. मे महिन्यात क्रूसाचा सण असतो, संध्याकाळी रोझरी म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. बंदोबस्ताला असताना मीही ते चणे खाल्लेत. पुढच्याच आठवड्यात या क्रूसाचा सण होता.

"मॅडम, माहीमला अठरा तोडले होते. विसरलात?" एक अंकल माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाले. विसरले नव्हते. जानेवारी २०२३, सेंट मायकल चर्चची दफनभूमी. त्या वेळी आम्हाला सगळ्यांना आपापल्या हद्दीतल्या दफनभूम्यांवर गस्त लावायला सांगितलं होतं. त्यांच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आणि बाजार रोडचा?" वांद्र्याच्या बाजार रोडवरचा क्रूस २०१७ मध्ये महापालिकेनंच पाडला होता. माणसांच्या डोक्यात ही यादी तयारच असते. आजचा क्रूस तिच्यात कधीच जाऊन बसला होता.

एका मुलानं मोबाइल दाखवला. मेसेज होता, 'मुंबईत चर्चवर हल्ला'. खाली जळक्या चर्चचा फोटो. मागे हिरवे डोंगर, पत्र्याचं उतरतं छप्पर. मी म्हटलं, "बाळा, हे आपल्या गावठाणातलं वाटतं का तुला?" तो म्हणाला, "मणिपूरचं असेल. पण झालं तर होतं ना ते?" आता याला काय उत्तर देणार? ३ मे २०२३ नंतर मणिपुरात चर्च जळलीच. कुकींची जळली आणि मैतेई ख्रिस्त्यांचीही जळली, म्हणून तिथल्या भांडणाला नुसतं धर्माचं म्हणून चालत नाही. पण पहाटे सहा वाजता, पडलेल्या क्रूसासमोर, सतरा वर्षांच्या पोराला हे सांगायची वेळ नव्हती.

पंचनाम्याला बसलो. दोन पंच घेतले, एक गावठाणातला, एक समोरचा डेअरीवाला. तुकडे सगळे एकाच दिशेला पडलेले. चौथऱ्याचा कोपरा खरवडलेला, त्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा. गटाराच्या झाकणाशी लाल रिफ्लेक्टरचा तुकडा. मामा वाकून म्हणाले, "मॅडम, हातोड्याला रिफ्लेक्टर असतो का?"

डेअरीच्या कॅमेऱ्यात सापडलं. रात्री तीन वाजून बारा मिनिटं. रस्ते काँक्रीटचे करायचं काम सगळ्या मुंबईभर चाललं होतं, ३१ मेच्या आत उरकायचं म्हणून ठेकेदार रात्रंदिवस गाड्या पळवत होते. काँक्रीटचा मिक्सर गल्लीत रिव्हर्स येतो, मागचा भाग चौथऱ्याला घासतो, क्रूस हलतो आणि आडवा होतो. आवाज नाही, फुटेज मुकं. क्लीनर उतरतो. खाली बघतो, वर खिडक्यांकडे बघतो. रस्त्यावरचा हार उचलून झटकतो, चौथऱ्यावर ठेवतो, हात जोडतो आणि पळत जाऊन गाडीत चढतो.

साहेबांनी ते फुटेज तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "ह्याला नोकरीवरून काढतील, पण माणूस चांगला आहे."

तोवर चौकीबाहेर दोन्हीकडची मंडळी पोचली होती. एक गृहस्थ कुठल्याशा संघटनेचे, गावठाणाशी संबंध नसलेले, त्यांचं भाषण सुरूही झालं होतं. १९९९ मध्ये ओडिशात मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्सना दोन मुलांसकट गाडीत जाळलं, २००८ मध्ये तिथंच कंधमालला ख्रिस्त्यांवर हल्ले, आणि आज हे. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्याच. स्टेन्सची बातमी आली तेव्हा मी शाळेत होते, आई पेपर वाचता वाचता उठून मोरीत गेली होती, ते मला अजून आठवतं. म्हणूनच त्या ओळीत मिक्सर येऊन बसलेला बघून माझं डोकं फिरलं. दुसरीकडे चार पोरं टिळे लावून आली, त्यांचं म्हणणं, ह्यांनीच तोडला, सहानुभूतीसाठी. तेही मी आधी ऐकलेलं होतं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावानं मारलं. ते आमच्याच बाजूनं, कांदिवलीहून निघाले होते. तेव्हाही मिशनऱ्यांनी मारलं असं पसरलं. तपासात निघाली मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा.

फादर आले, गावठाणातले चार जाणते आले, सगळ्यांना आत बसवून फुटेज दाखवलं. फादर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या क्लीनरला फार त्रास देऊ नका." बाहेरच्या गृहस्थांना मात्र फुटेज एडिट केल्यासारखं वाटत होतं. ड्रायव्हरवर कलम २८१ लावलं, बेदरकार गाडी चालवल्याचं. ठेकेदाराचा माणूस धावत आला, सणाच्या आत क्रूस उभा करून देतो म्हणाला. साडेनऊला गल्ली मोकळी झाली. आम्ही जिंकल्यासारखे चहा प्यायलो. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "आता हा क्रूस ज्यांनी ज्यांनी यादीत घातला, त्यांतला एक तरी खोडणार आहे का?"

तेव्हा ती बाई बाकावरच बसलेली होती. सकाळी गर्दीत तिला पाहिलं होतं, हातात न पेटवलेली मेणबत्ती. गावठाणातली वाटत नव्हती. साधी सुती साडी, चाळिशीची असेल.

"मॅडम, आमच्याकडं कॅमेरा नाही," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद. एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची प्रत. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. ती वरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहते, चार घरची धुणीभांडी करते, मूळची जालन्याकडची. दहा बाय बाराच्या खोलीत रविवारी दहा-बारा जण प्रार्थनेला बसतात. त्या दिवशी सहा-सात जण आत घुसले. ढोलकी उचलून बाहेर फेकली, गाण्यांची वही फाडली, पास्टरला ओट्यावर बसवून घोषणा द्यायला लावल्या, सगळ्यांचे मोबाइल तपासले. पुन्हा बसलात तर खोलीला कुलूप, अशी धमकी. आणि एनसीत काय लिहिलेलं? 'स्पीकरच्या आवाजावरून शेजाऱ्यांत आपसांत शाब्दिक वाद. शिवीगाळ व धमकी.' कलम ३५२ आणि ३५१(२). अदखलपात्र. फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.

अक्षर माझं होतं.

त्या रविवारी मी ठाणे अंमलदार होते. बाहेर हरवलेल्या मोबाइलवाल्यांची रांग, एक मुलगी बेपत्ता, एक दारुडा लॉकअपच्या दारावर डोकं आपटणारा. ही बाई काय सांगत होती ते मी अर्धं ऐकलं. स्पीकर, शेजारी, शिव्या एवढे तीन शब्द उचलले आणि लिहिलं. स्पीकरवरून आधी खरंच कुरबूर झालेली होती, ते तीच प्रामाणिकपणे म्हणाली होती. नवी न्याय संहिता येऊन वर्षही झालं नव्हतं, पण ही काही सबब नाही. उपासनेला बसलेल्या जमावात व्यत्यय आणणं आधी २९६ होतं, आता ३०० आहे, आणि दोन्हीकडे ते दखलपात्रच आहे. एफआयआर व्हायलाच हवा होता.

मला वर्तमानपत्रात वाचलेलं आठवलं. ख्रिस्ती लोकांवरच्या हल्ल्यांबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती, २०२३ मध्ये केंद्रातर्फे सांगण्यात आलं की बिहारमधल्या ज्या ३८ घटना दाखवल्या आहेत ती शेजाऱ्यांची भांडणं होती आणि ती मिटली आहेत. दुसऱ्या बाजूला युनायटेड ख्रिश्चन फोरमचा आकडा, २०२४ या एका वर्षात ८३४ घटना. कोण खरं, यावर आमच्या मेसमध्ये एकदा चांगली हमरीतुमरी झालेली, आणि मी ठासून म्हटलं होतं की आकडे फुगवतात. काही फुगवतही असतील, सकाळचाच क्रूस घ्या. पण 'शेजाऱ्यांचं भांडण' हे शब्द कुठल्या टेबलावर तयार होतात, ते आता माझ्या हातात होतं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "आत्ता एफआयआर घेते. नावं सांगा."

तिनं पाच नावं सांगितली. सहाव्याला थांबली. "सहावा माझा दीर."

घरात खंडोबा. लग्न झाल्यापासून जेजुरीला जायची, नवरा वारल्यानंतर हिनं ते सोडलं. दिराचा राग तिथून. शिवाय खोली नवऱ्याच्या नावावर, तो एक धागा वेगळाच. मामा हळूच म्हणाले, "मॅडम, म्हणजे घरगुतीच झालं की." ती मामांकडे वळली. "दीर होता म्हणून वही फाटली नाही का, दादा?"

मी जबाब लिहायला घेतला. "आम्ही रविवारी सकाळी प्रार्थनेला..." इथपर्यंत आले आणि तिनं कागदावर हात ठेवला.

"कुणाची प्रार्थना, ते लिहावं लागेल?"

"लागेलच. त्याशिवाय कलम कसं लागणार?"

तिनं सगळं सांगितलं, आवाज खाली आणून, मामा पाणी आणायला गेल्यावर. कागदोपत्री ती हिंदू मांग. मुलगा बारावी झालेला, इंजिनिअरिंगला जायचंय, जात पडताळणीचा अर्ज समितीपुढे पडलेला. ख्रिस्ती असल्याचं कुठं लेखी आलं की अनुसूचित जातीची सवलत गेली. १९५० चा राष्ट्रपती आदेश, त्यात पुढे शीख आणि बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. हे मला कलमासकट माहीत होतं, पण कुणाच्या फीच्या हिशोबात बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "दीर तेच म्हणतो," ती म्हणाली. "केस कर, मग मी समितीला अर्ज देतो. तुझा पोरगा हिंदू का किरिस्ताव, होऊ दे एकदा."

"बाप्तिस्मा झालाय तुमचा?"

ती नुसती बघत राहिली. मी प्रश्न मागे घेतला. पोलिसानं विचारावं असं नव्हतं ते.

पास्टरच्या नावानं फिर्याद घ्यावी म्हटलं तर तो घाबरून गावी निघून गेलेला. सकाळी गावठाणातल्या अंकलना तिच्याबद्दल विचारलं होतं, ही बाई तुमच्या चर्चची का? ते म्हणाले होते, "छे, ते बिलिव्हर लोक. आमच्यातले नाहीत." आणि ही मात्र त्यांच्या क्रूसासाठी पहाटे टेकडी उतरून मेणबत्ती घेऊन आलेली. मी तिला विचारलं, पेटवली का नाही? म्हणाली, "तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. पुढं जाऊ का नको, कळेना."

शेवटी तिनं जबाब दिला नाही. मी त्या सहाही जणांना बोलावून घेतलं, पुन्हा असा गुन्हा करू नये म्हणून जुन्या १४९ ची म्हणजे आताच्या १६८ ची नोटीस दिली, स्टेशन डायरीला नोंद केली. नोंदीत 'प्रार्थना' लिहिलं, कुणाची ते नाही. दीर सगळ्यात शांत होता. "मॅडम, आमचं घरातलं आहे," म्हणाला, आणि सही केली. एनसीच्या रजिस्टरमधली माझी ओळ आहे तशीच राहिली, तिथं खाडाखोड चालत नाही.

जाताना ती म्हणाली, "पोराच्या जातीची व्हॅलिडिटी हातात पडली की येते. तेव्हा घ्याल ना?"

"घेईन," मी म्हटलं.

क्रूस सणाच्या आदल्या दिवशी उभा राहिला, मूळच्यापेक्षा जरा गुळगुळीत. नंतर दोनदा रविवारी गस्तीची गाडी टेकडीवर नेली. खोलीचं दार आतून लावलेलं, गाणं चालू होतं, ढोलकी नव्हती. जुलैत माझी बदली झाली. चार्ज देताना प्रलंबित प्रकरणांच्या फायलीत तिच्या एनसीची झेरॉक्स टाचून ठेवली, वर पेन्सिलीनं ३०० लिहून. नव्या मॅडमनी पानं उलटता उलटता विचारलं, "ही एनसी इथं कशाला?"

"एक बाई येईल," मी म्हटलं. "तिचं पहिल्यापासून ऐका."