तुम्ही विचारलंत म्हणून: लेबल नसलेली बिअर ओळखतोस कशी?

पुण्याहून कुणीही आलं की गराजमधली माझी पातेली बघून हेच विचारतं. तर आम्ही घरी बिअर करणारे पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो, बाटल्यांवर नुसते नंबर, स्टाइल ओळखली की पॉइंट, आणि आणायच्या मुद्दाम अशा जुन्या अमेरिकन स्टाइल्स ज्या दुकानात सहसा दिसत नाहीत. आता खरं सांगू का, माझी जीभ काही भारी नाही, माझं सगळं नाकावर चालतं आणि त्यातही मक्यावर. लोणावळ्याला पावसात उकडलेलं कणीस सोलताना जी वाफ नाकात शिरते ना, तिची हलकीशी झुळूक आली की समजायचं, क्रीम एल (नावातच क्रीम, बाटलीत थेंब नाही) नाहीतर अमेरिकेतल्या दारूबंदीच्या आधीची लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर). जास्त कडू असेल तर लागर. अमेरिकेतल्या सिक्स-रो बार्लीत (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) प्रोटीन फार, बिअर गढूळ व्हायची, म्हणून मका घालून प्रोटीनचं प्रमाण कमी करायचे. कॅलिफोर्निया कॉमन या तिसऱ्या स्टाइलला पुदिना-लाकडासारखा वास असतो, ती सोपी.

फजिती झाली ती केंटकी कॉमन या स्टाइलला. तांबूस-तपकिरी, ब्रेडच्या कडेसारखा वास, आणि मी छातीठोकपणे सांगून टाकलं, इंग्लिश माइल्ड (तिकडची सौम्य, गडद बिअर)! कारण माझ्या डोक्यात बसलेलं की केंटकी म्हणजे बर्बन व्हिस्कीवाले, सावर मॅशवाले (आधीच्या घाण्यातलं आंबट मिश्रण नव्यात घालणारे), म्हणजे बिअरही आंबटच असणार, आणि ही तर अजिबात आंबट नव्हती. नंतर कळलं की त्या काळच्या ब्रूअरीच्या नोंदींत बिअर मुद्दाम आंबट करण्याचा पत्ताच नाही. केंटकीतल्या लुइव्हिल शहरच्या कामगारांची स्वस्त बिअर होती ती, बनवायला घेतल्यापासून सहा-आठ दिवसांत गुत्त्यात पोचायची, 1920 ला दारूबंदी आली आणि संपली. मका तिच्यातही होता हो, चांगला पाव हिस्सा, पण रंग बघितला आणि नाकाचं ऐकलंच नाही मी.

मागच्या महिन्यात मात्र एकाने पेनसिल्व्हेनियाची स्वँकी आणली, हलकी बिअर, त्यात अनीस (बडीशेपेसारख्या वासाचं बी). बाकीचे ग्लास फिरवत बसले आणि मला पहिल्याच घोटाला हॉटेलात बिलाबरोबर येणारी बडीशेपेची बशी आठवली. तो पॉइंट धरायचाच नाही असं अजून सगळ्यांचं म्हणणं आहे.